मनुबाईनं झुडूप उठवलं

रहिमतपुरात उन्हाळ्यात कावळे एका पायावर उभे राहतात, दुसरा निववायला. अशा गावात नाथाजी हवालदारानं बर्फाळ डोंगरावरचं झुडूप आणून चार वर्षं जगवलं. खोटं वाटत असेल त्यानं मोहिद्दीनच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन बघावं. खोलीला कुलूप आहे, पण फटीतून दिसतं.

झुडूप केवढं, तर वीतभर. पानं जाड, वरून हिरवी, खालून गंजल्यासारखी तांबूस, बाराही महिने अंगावर. फौजेत असताना हिमकडा कोसळला तेव्हा नाथाजी याच जातीच्या एका जुनाट झुडपाच्या बुंध्याला धरून तीन तास लोंबकळला होता. पेन्शनीत निघताना त्यानं त्याचीच मूळ धरलेली फांदी ओल्या मोज्यात गुंडाळून आणली. तिथल्या हमालानं एवढंच बजावलं होतं, की कार्तिकापासून चैत्रापर्यंत हे बर्फाखाली झोपतं, मध्येच उठवू नकोस.

गावानं सल्ले दिले. कुणी शेणखत सांगितलं, कुणी उसाला देतात तो खताचा डोस. नाथाजीनं सगळ्यांना हो म्हटलं आणि दगडी डोणीत नदीची खडी, फुटकी कौलं आणि कुजका पाला भरला. विहिरीच्या पाण्यात चुना फार, त्यानं पानं पिवळी पडतात, म्हणून पावसाचं पाणी साठवलं. उन्हाळ्यात सकाळ-दुपार खडीवर बर्फाचा चुरा. आणि कार्तिक लागला की डोण थेट मोहिद्दीनच्या लाद्यांच्या खोलीत.

"बायकूला कवा एवढं जपलं न्हाईस," मोहिद्दीन म्हणायचा.

"बायकूनं मला कड्यावर धरलं नव्हतं, गड्या."

मनुबाई हसायची, आणि हसता हसता खोकल्यात जायची. तिला दमा. गुऱ्हाळं पेटली, उसाचं पाचट जळायला लागलं की तिचा श्वास शिट्टी मारायचा. यंदा पौषात तर पंपानंही उतार पडेना. नाथाजी कधीतरी बोलून गेला होता, की वरचे हमाल या झुडपाचं पान चुरडून हुंगतात, छाती मोकळी होते. तो विसरला, ती विसरली नाही. नाथाजी औषधाला साताऱ्याला गेला त्या दुपारी मोहिद्दीनच्या बायकोला, जरिनाला घेऊन ती दोन पानांसाठी बर्फाच्या खोलीत शिरली.

चूक झाली ती इथं, आणि चांगल्या वळणामुळं झाली. मनुबाईचा बाप झाडपाला द्यायचा. त्यानं शिकवलं होतं, झोपलेल्या झाडाला तसाच हात लावायचा नाही. आधी उठवायचं, आपलं नाव सांगायचं, काम सांगायचं, मग पान घ्यायचं. आपल्याकडची झाडं सांजेला झोपतात नि सकाळी उठतात, तिथं हे ठीक. मनुबाईनं बुडात तांब्याभर कोमट पाणी ओतलं, खोडावर बोटानं तीनदा टिचकी मारली.

"ऊठ बाई. मी मनुबाई. दोन पानं न्यायला आलेय."

जरिना सांगते, थंडीनं सगळी पानं विडीसारखी वळलेली होती. ती एकेक करून उलगडली आणि मनुबाईकडं वळली.

दोन पानं चुरडून हुंगली आणि श्वास मोकळा झाला, हे खरं. पहिले दोन दिवस मनुबाई गावभर हिंडली. तिसऱ्या दिवशी तिच्या हातचं दही लागेना. भाकरी थापली तर तवा निवायचा. भर उन्हात अंगणात बसली तरी तोंडातून वाफ निघायची, आणि कोंबड्या तिच्यापासून लांब जाऊन बसायच्या. डॉक्टरांनी थर्मामीटरचे सेल बदलले, मग थर्मामीटर बदलला. तिची नखं निळी पडत चालली. तिकडं कारखान्यात, ऐन बर्फात, झुडपाला लुसलुशीत पालवी फुटली होती आणि डोणीभोवतीच्या लाद्या वितळल्या होत्या. मनुबाईची ऊब कुठं चाललीय, हे नाथाजीला कुणी सांगावं लागलं नाही.

त्यानं कोयता आणला. एक काडी छाटली, तर बाहेर बाकड्यावर बसलेल्या मनुबाईचा श्वास अडकला. जरिनानं दारातून थांबा म्हणून हात केला, तसा त्यानं कोयता खाली ठेवला.

"आवं, उठवलं मी," मनुबाई म्हणाली. "निजवायला बी मीच पायजे."

दोन घोंगडी पांघरून ती डोणीशी बसली. तान्ह्या पोराला थोपटावं तसं खडीवर थोपटत अंगाई म्हणायला लागली. पानं वळत गेली. शेवटचं पान वळलं आणि अंगाईही थांबली. नाथाजी आत गेला तेव्हा ती भिंतीला टेकून झोपली होती. नखं गुलाबी, श्वास संथ, शिट्टीचं नाव नाही.

त्याला आज एकोणीस दिवस झाले, ती उठलेली नाही. डॉक्टर म्हणाले, नाडी उत्तम आहे, पण मोठ्या दवाखान्यात हलवा. चौघांनी उचलून उंबऱ्यापर्यंत नेली, तर डोणीत एक पान सळसळून उलगडलं आणि तिची नखं पुन्हा निळी झाली. तशीच मागं आणून बसवली.

काल निरोप आला, गुरुवारी दिवसभर वीज बंद. मोहिद्दीननं जनरेटर सांगितलाय, पण तो शुक्रवारआधी मिळणार नाही म्हणतात. चैत्र अजून चाळीस दिवस लांब. नाथाजी लाद्यांवर लाकडाचा भुसा पसरत होता. जरिनाला बघवेना.

"भाऊ, एकदा हाक मारा तिला. तुमच्या हाकंला उठंल ती."

नाथाजीनं पाटी खाली ठेवली आणि जरिनाच्या कानाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला,

"उठंल की, वैनी. पर तिच्याबरुबर आणि कोण उठंल?"