कोरे ठेवलेले अठ्ठावीस प्रश्न

थर्मासचं झाकण घट्ट फिरवत बाकावर शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "यंदापासून चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे एक बरं झालं. मी मुलाला बजावलंय, येत नसलं तरी कुठला तरी गोल काळा कर."

कंपाउंडर ‘हो, हो’ म्हणाले. मग त्यांनी बाईंनी दिलेला चहाचा कप बाकावर ठेवला आणि पिशवीतून माहितीपुस्तिका बाहेर काढली.

कॉलेजच्या फाटकाबाहेर भिंतीलगत बाकं मांडली होती, त्यांवर पालक मांडून ठेवल्यासारखे बसले होते. आत प्रवेश परीक्षेचा पहिला पेपर चालू होता. दुसरा सुट्टीनंतर. कंपाउंडरांच्या मुलीला, म्हणजे ठकीला, पूल बांधायला शिकायचं होतं. तशा जागा साठ आणि मुलं हजारो. दीड वर्ष तिने स्वतःला अभ्यासाला जुंपून घेतलं होतं. शिकवणी लावली नव्हती. जुने पेपर तिने सोडवले आणि नियम समजून घ्यायचं काम बाबांवर टाकलं. "एवढं वाचून काढा, बाबा. मला वेळ नाही," असं म्हणून तिने ही बहात्तर पानी पुस्तिका त्यांच्या हातात दिली होती.

आता त्यांनी ती पहिल्यापासून चाळली. एकोणिसाव्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत ते वाक्य होतं. लपवलेलं नव्हतं, बारीक टाइपात नव्हतं. समोरच्याच पानावर त्यांच्या लाल पेन्सिलीच्या तीन रेघा होत्या, परीक्षेला येताना काय आणू नये त्या यादीखाली.

खरं म्हणजे ती पुस्तिका त्यांनी वाचलीच नव्हती. दवाखान्यातून आल्यावर खुर्चीत बसून उघडायची आणि दुसऱ्या पानावर डोळा लागायचा. आठवड्याने ठकीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, दोनदा वाचली. वाचल्यासारखी दिसावी म्हणून सवडीने रेघाही मारल्या. नियम त्यांना ठाऊकच होते की! त्यांच्या वेळी चुकीला पाव गुण कापत, आणि त्या पाव-पाव गुणांनीच त्यांचं कॉलेज हुकलं होतं. शिवाय तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून औषधं देताना एकच शिस्त पाळली होती. अक्षर लागलं नाही तर बाटलीला हात लावायचा नाही. तीच त्यांनी लेकीला घोटून घोटून शिकवली होती. शंका आली की प्रश्न सोडून द्यायचा.

पेपर संपायला चाळीस मिनिटं होती. ते फाटकापर्यंत गेले. पहारेकऱ्याने काय हवंय म्हणून विचारलं. ते परत येऊन बसले. आपल्याला कुणीतरी चारचौघांत कानाखाली वाजवावी, असं त्यांना वाटलं. म्हणजे निदान काहीतरी झाल्यासारखं झालं असतं.

घंटा झाली. ठकी जवळजवळ धावतच आली, बाकावर बसली आणि डबा उघडायच्या आधीच बोलू लागली. पेपर लांबलचक होता, पण तिने डोकं थंड ठेवलं होतं.

"अठ्ठावीस सोडले," ती म्हणाली. "एकालाही अंदाजाने हात लावला नाही."

कंपाउंडरांना वाटलं, गप्प बसावं. पोरगी खूश आहे, जेवू दे. पण थोड्याच वेळात ती पुन्हा आत जाणार होती, आणि पुन्हा तेच करणार होती.

"ठके," ते म्हणाले, "चुकलं तरी गुण कापत नाहीत. यंदा नियम बदललाय."

डब्याच्या झाकणावरचा तिचा हात तसाच राहिला.

"पेपरच्या पहिल्या पानावर होतं तसं," ती म्हणाली. "मी वाचलं."

"मग?"

"वाटलं, मलाच नीट समजलं नसेल. तुम्ही तर सगळं दोनदा वाचलंय."

कंपाउंडरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मी वाचलं नव्हतं. एकदाही नाही."

"आणि त्या लाल रेघा?"

"अशाच मारल्या होत्या."

ती ओरडली असती, रडली असती, तर त्यांना सोपं गेलं असतं. तिने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि उरलेला बंद करून त्यांच्याकडे दिला. त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुसऱ्या पेपराची पहिली घंटा झाली. ती उठली.

"म्हणजे आता सगळी भरायची?"

"सगळी. एकही कोरं ठेवू नकोस."

ती फाटकापर्यंत गेली. तिथे थांबली आणि मागे वळून आली. काही विसरली असेल म्हणून कंपाउंडर घाईने उभे राहिले. ती त्यांच्या बाजूने पुढे गेली आणि शेजारच्या बाईंसमोर उभी राहिली.

"काकू, चुकीला गुण कापत नाहीत ना? नक्की?"

"नाही गं बाळा," बाई म्हणाल्या. "अगदी नक्की."

ठकीने मान हलवली आणि ती आत गेली.