कोपरापर्यंत मोकळे हात

"हिचं नाव काय ठेवलं हो मॅडम?"

हॉलमधल्या सगळ्या बाया हसल्या. टेबलावर रबराची बाहुली होती, नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढी. मान तशीच लुळी, वजनही तसंच. परीक्षा घ्यायला अकोल्याहून आलेल्या पौर्णिमा मॅडमनी टॅबवरून नजर वर केली आणि नाव नसतं मावशी, मॉडेल आहे ते, असं हसूनच सांगितलं.

"बिन नावाच्या लेकराले हाक कशी मारू मी?" माणिकबाई म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे त्यांनी तिला राणी करून टाकलं.

माणिकबाई माझ्या सासूबाई. अमरावतीच्या ज्या प्रसूतिगृहात मी नर्स आहे, तिथेच त्या आया. मी तिथे लागले त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. वलगावपासून रिद्धपूरपर्यंत अशी घरं आहेत, जिथल्या पोरांची पहिली अंघोळ यांच्या पायांवर झाली. पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढायचं, पाय लांब करायचे आणि त्यावर बाळ पालथं घालायचं. न्हाणं झालं, दुपट्यात गुंडाळलं, की स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन बाळाच्या तळपायाला तीट लावायची. त्यानंतरच ते आईच्या हातात जायचं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना कंपनीला विकला आणि हे सगळं बदललं. विम्याचे पेशंट हवे असतील, तर बाळाला हात लावणारी प्रत्येक बाई प्रशिक्षित हवी, असं वरून आलं. आयांना शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. परीक्षा पास झाली ती वॉर्डात राहील. नापास झाली तिला ठेकेदाराकडे, फरशी पुसायला. बाळाच्या पाळण्याजवळ जायचं नाही.

सासूबाई शिकल्या. मला वाटलं होतं भांडतील, पण नाही. पहिल्या दिवशी अंघोळ नको, हे त्यांना पटलं. "थंडीनं काळीनिळी झालेली पोट्टी पायली न मी," म्हणाल्या. काजळाचं तर मी त्यांना आधीच, माझ्या जुईलीच्या वेळी सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी "तुई पोट्टी, तुयं शिक्षण" म्हणून डबी देवाच्या फळीवर ठेवून दिली होती. सात महिन्यांच्या जुईलीला अजून एकदाही तीट लागलेली नाही.

अडलं ते बांगड्यांशी. हात कोपरापर्यंत मोकळे हवेत, असा नियम. बांगड्यांच्या फटीत घाण राहते. लग्न झाल्यापासून त्यांचा हात कधी मोकळा नव्हता. जुन्या काढायच्या आधी नव्या भरायच्या, ते जमलं नाही तर तेवढ्यापुरता मनगटाला दोरा बांधायचा. एक दिवस न्हाणीत बसून त्यांनी साबण लावला आणि एकेक बांगडी उतरवली. सासऱ्यांनी, वामनरावांनी, पेपर खाली केला.

"काहून वं, मी अजून बसून राहिलो न इथं?"

"तुमी बसाच," त्या म्हणाल्या. "मले पेपर द्या लागते."

हसल्या दोघंही. पण त्यानंतर त्या घराबाहेर पडताना पदर मनगटापर्यंत ओढून घ्यायच्या, ते मी बघत होते.

परीक्षेच्या सकाळी त्या नटल्या होत्या. आयुष्यातली पहिली परीक्षा. इस्त्रीची साडी, वेणी घट्ट, डोळ्यांत काजळ.

राणीला त्यांनी सुरेख हाताळलं. हात धुतले, नखांखालून, बोटांच्या बेचक्यांतून, कोपरापर्यंत. मान तळहातावर तोलून उचलली. पुसताना तिच्याशी बोलत राहिल्या, "झालं वं राणी, झालं, आता मायजवळ जायचं." पौर्णिमा मॅडमचं बोट टॅबवर भराभर फिरत होतं. दुपटं गुंडाळून झालं. मी श्वास सोडला.

आणि सासूबाईंचं बोट डोळ्याकडे गेलं, आणि तिथून राणीच्या तळपायावर.

हॉलमध्ये पुन्हा हसू फुटलं. त्याही हसल्या. मग मॅडमचं बोट थांबलेलं दिसलं, तेव्हा त्यांनी आपलं बोट पाहिलं.

"पुसून टाकतो न," त्या म्हणाल्या. "पुना पयल्यापासून करतो."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. बाकी सगळं फार छान झालं, असं त्या दोनदा म्हणाल्या. पण बाळाला अपाय होईल असं एकही काम घडलं, की टॅब पुढे जातच नाही, लाल होतो. त्यांच्याही हातात काही नसतं. नंतर त्या माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, बाकीच्यांना एकदा सांगा, काजळ का नको ते."

मी सांगितलं. काजळात शिसं असू शकतं, बाळाचा पाय तोंडात जातो, एकाच बोटाने किती डोळे, किती बाळं. जसं रोज शिकवायचे तसंच. एक शब्द त्यातला खोटा नव्हता. सासूबाई टेबलाशी उभ्या राहून ऐकत होत्या आणि बरोबर जागी मान हलवत होत्या.

राणीचा तळवा मी नंतर स्पिरिटने घासला. रबरात शिरलेला काळपटपणा तेवढा राहिला.

सोमवारपासून त्यांच्या हातात फडकं आलं. वलगावची एक बाई दुसऱ्या बाळंतपणाला आली होती. पहिलं पोर माणिक मावशीनं न्हाऊ घातलं, हेही तिनंच घालावं, म्हणून हटून बसली. सासूबाई दारात बादली घेऊन उभ्या होत्या. "शिष्टरच्या हातचं चांगलं असते वं बाई," म्हणाल्या आणि पुढची खोली पुसायला गेल्या. मी ते बाळ घेतलं.

रविवारी घरी मी पाट मांडला. पाणी काढलं, तेलाची वाटी गरम केली, जुईलीचे कपडे उतरवले आणि रोजच्यासारखी हाक मारली, "आई, या, पाणी झालं."

त्या आल्या आणि न्हाणीच्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. दोन्ही मनगटं हिरव्या बांगड्यांनी भरलेली होती, पहिल्यापेक्षा जास्त, जवळजवळ कोपराच्या अर्ध्या वाटेपर्यंत.

"कधी भरल्या?"

"काल. फरशीले चालतात बांगड्या." आवाजात काहीच नव्हतं. "तूच घाल तिले न्हाऊ. तुया हात पास हाय."

मी पाटावर बसले, पाय लांब केले, जुईलीला पालथं घेतलं. पहिला तांब्या पाठीवर पडला तशी ती दचकून रडली.

मागे बांगड्या एकदम वाजल्या. मग थांबल्या.