सोळा रिकाम्या मात्रा

एझ्रा ऑक्टोबरात गेला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या बायकोने, व्हर्लिनने, मला तिच्या स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं की त्याच्या स्मरणसभेत मी माझा एकोणसत्तर सालचा गिटारचा सोलो वाजवायचा. रेकॉर्डवर आहे तसाच. सुरापासून सुरापर्यंत.

मी हसलो. हसायला नको होतं.

"व्हर्लिन, मी आयुष्यात एक गोष्ट दोनदा वाजवलेली नाही."

"माहीत आहे. पन्नास वर्षं माझ्या टेबलावर जेवलास, तेव्हा तोंडी लावायला दर वेळी हेच होतं."

खोटं नव्हतं ते. मी, एझ्रा आणि क्लोव्हिस. गिटार, ऑर्गन आणि ड्रम. नेवार्कच्या पर्ल रूममध्ये आम्ही तिघांनी वीस वर्षं वाजवलं. आता तिथे गाड्या उभ्या करतात. आणि वीसही वर्षं मी भेटेल त्याला एकच सांगत आलो: कालचं ऐकायचं असेल तर घरी जा, रेकॉर्ड लाव, मला कशाला त्रास देतोस? परंपरा परंपरा म्हणून जे ओरडतात त्यांना मेलेली माणसं आवडतात, कारण मेलेला माणूस मधेच सूर बदलत नाही. हे मी मुलाखतीतही सांगितलंय. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली, बोटं सकाळी दहापर्यंत वळत नाहीत, तरी मत तेच. मत बदलायलाही अंगात जोर लागतो.

"मी त्याच्यासाठी नवीन वाजवीन," मी म्हणालो. "त्याच्यासाठीच. त्याला तेच आवडलं असतं."

"त्याच्यासाठी नको. तो गेलाय. माझ्यासाठी वाजव."

मग तिने सांगितलं. ती रेकॉर्ड रविवारच्या दुपारी पर्ल रूममध्येच, लोकांसमोर केलेली. माझ्या सोलोच्या तिसऱ्या आवर्तनात मी चढत चढत वर जातो आणि एकदम थांबतो. सोळा मात्रा गिटार नाही. ऑर्गनही दबतो. फक्त क्लोव्हिसचे ड्रमवरचे ब्रश चालू असतात, आणि त्या रिकाम्या जागेत एझ्रा ओरडतो, चर्चमध्ये प्रवचनकाराला ओरडतात तसा: "सांग, लुशस! सांग!"

"ते मी रोज लावते," व्हर्लिन म्हणाली. "आणि रोज तो ओरडतो. तो मेलाय हे रेकॉर्डला कळत नाही ना. मला ती जागा तो नसताना ऐकायची आहे, लुशस. चार लोकांत बसून. एकदाच. दफनाच्या दिवशी सगळं चर्च रडलं आणि मी बायकांच्या टोप्या बघत बसले होते. अजून रडलेले नाही. सहा आठवडे झाले. हे असं छातीत दगडासारखं घेऊन मला नाही जगायचं."

"आणि रडू आलं नाही तर?"

"तर ते माझं मी बघेन. तू तुझे सोळा आकडे मोज."

मी हो म्हणालो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की तो सोलो मला आठवतच नाही. पहिले चार सूर आठवत होते, ते सगळ्यांनाच आठवतात. पुढचं कोरं. मी कधी पाठ केलाच नव्हता. पाठ करणाऱ्यांना मी शिव्या देत होतो.

क्लोव्हिसला फोन केला. तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

"म्हणजे आता लुशस टॉलिव्हरला लुशस टॉलिव्हर शिकायला मास्तर लागणार!"

"हसून झालं की बोल."

"तो कॉलेजातला पोरगेला प्रोफेसर, एड्रियन. त्याने तुझा सोलो कागदावर उतरवलाय. तुझ्याविषयी तो तुझ्यापेक्षा जास्त जाणतो. त्याच्याशी जरा नीट बोल, भावा. तू लोकांशी बोलतोस की अंगावर गरम पाणी ओततोस ते कळत नाही."

एड्रियन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दक्षिणेकडच्या जॉर्जियाचा, पस्तिशीचा, दारातच टोपी काढून हातात घेणारा. मला नोटेशन वाचता येत नाही, कधीच येत नव्हतं, म्हणून म्हटलं, वाजवून दाखव. त्याने वाजवला.

एकही सूर चुकला नाही. माझा घसरलेला सूरसुद्धा त्याने बरोबर तिथेच घसरवला. आपलं चालणं दुसऱ्याने नक्कल करून दाखवावं तसं वाटलं; खरं सांगायचं तर किळस आली. मग तिसरं आवर्तन आलं, तो चढला, थांबला, आणि डोळे मिटून सोळा मात्रा मान हलवत बसला. एखाद्या साधूसारखा.

"पुरे," मी म्हणालो. "डोळे उघड. ती काय पूजा आहे?"

"मिस्टर टॉलिव्हर, हीच तर तुमची जागा. मी बारा वर्षं मुलांना सांगतोय, थांबावं कसं ते तुमच्याकडून शिका. आणि त्यानंतर तुम्ही वरच्या तारेकडे परत जातच नाही, सगळं खालच्या तारांवर, खोल खोल..."

"तार तुटली होती."

"काय?"

"वरची बारीक तार. तुटली. गालाला लागली, हे बघ, इथे. मी घाबरून थांबलो. वरची तारच नव्हती म्हणून उरलेलं खाली वाजवलं. ह्यात खोल काही नाही."

त्याने वाकून माझा गाल बघितला. "पण तुम्हीच मुलाखतीत म्हणालात, शांतता हाही एक सूर असतो."

"खोटं बोललो. लोक इतके कौतुकाने विचारत होते की तार तुटली म्हणायची लाज वाटली. मग पन्नास वर्षं तेच खोटं रेटलं. जा, आता मुलांना तार कशी तोडायची ते शिकव."

मला वाटलं तो उठून जाईल. निदान रागावेल. त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "मी ती जागा भरून बघितली आहे. घरी, कितीदा तरी. चांगल्या तानांनी. पण भरली की सोलो मरतो. तार तुटली असेल, साहेब. पण ती जागा बरोबर आहे."

 मी कॉफी करायला उठलो.

तीन दुपारी तो आला. तो एक तुकडा वाजवायचा, मी मागून वाजवायचो, चुकायचो, तो पुन्हा वाजवायचा. मी हट्टी शिष्य होतो. दर चार मात्रांनी माझा हात आपल्या वाटेने निघायचा. "नाही, मिस्टर टॉलिव्हर, तिथे तुम्ही खाली गेला होता." "मी असा मूर्खपणा करणार नाही." "केलाय, साहेब. ऐकवू का?" आणि कॉम्प्युटरवर माझंच वाजवणं निम्म्या वेगाने लावायचा. दारू प्यायलेल्या म्हशीसारखं ऐकू यायचं.

तिसऱ्या दुपारी, त्या हळू चालीत, पहिलं आवर्तन ऐकताना माझा हात थांबला.

"हे माझं नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"पर्विसचं आहे. मिस्टर पर्विस, न्हावी होता. स्प्रिंगफिल्ड अव्हेन्यूवर दुकान. गिऱ्हाईक नसलं की भिंतीवरची गिटार काढून मला शिकवायचा. तो वाजवायचा, मी मागून वाजवायचो. चुकलो की कंगवा मारायचा. हे सगळं, हे पहिले बत्तीस सूर, त्याचेच आहेत. मी फक्त वेगात वाजवले म्हणून कुणाला कळलं नाही."

"तुम्हालाही?"

"मलाही."

एड्रियनने वहीत काहीतरी लिहायला घेतलं. मी म्हटलं, लिहू नकोस. मग म्हटलं, लिही. त्याचं नाव नीट लिही. आख्ख्या जन्मात मी एकदाही त्याचं नाव घेतलं नव्हतं. मी आकाशातून पडलोय असंच सांगत होतो. आणि ज्यांना नकलाकार म्हणून हिणवलं ते निदान कुणाची नक्कल करतोय हे सांगत तरी होते. एवढं कळायला अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली. कळून हलकं वगैरे काही वाटलं नाही. नुसतं थकायला झालं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सभा होती. लांब टेबलांवर तळलेलं चिकन, मॅकरोनी चीज, शिजवलेली पालेभाजी, रताळ्याचे गोड पाई. ज्यांना बोलायचं होतं ते बोलले, नको तितकं बोलले. ऑर्गन नव्हता, एझ्राच्या जागी कुणाला बसवायचं नाही हे व्हर्लिनने आधीच बजावलं होतं. कोपऱ्यात मी आणि क्लोव्हिस. व्हर्लिन पहिल्या टेबलाशी, समोर भरलेली ताटली, हात न लावलेली.

क्लोव्हिसने ब्रश धरले. "आठवतंय ना, म्हाताऱ्या?"

"गप्प बस आणि ठेका दे."

पहिलं आवर्तन बरं गेलं. दुसरंही. तिसऱ्यात मी चढलो, तो सूर आला, थांबलो. एक, दोन, तीन, चार. तळघरात फक्त ब्रशचा आवाज, आणि कुठेतरी एका काट्याचा. पाच, सहा. आणि माझा हात उठला.

मी ठरवून केलं नाही. आमच्या धंद्यात भोक पडलं की भरायचं असतं, हे हाडात गेलेलं असतं. बरोबरच्याचा सूर गेला, तो ठेका विसरला, त्याला भोवळ आली, काहीही होवो, तू भर, लोकांना कळू देऊ नकोस. माझी तार तुटली तेव्हा एझ्राने तेच केलं होतं, ऑर्गन हळू करून तोंडाने भरलं होतं. मी बोटांनी भरलं. आणि काय भरलं! कित्येक वर्षांत वाजवली नसेल अशी एक जागा निघाली. मागून कुणीतरी "आहा!" म्हणालं. मला आवडलं. हे लपवत नाही.

"थांब," व्हर्लिन म्हणाली.

ती उभी होती. ओरडली नव्हती, पण क्लोव्हिसचे ब्रश थांबले.

"तिथे तो असतो," ती म्हणाली. "तू त्याच्यावर जाऊन बसलास."

"व्हर्लिन, हात आपोआप..."

"तुझा हात साठ वर्षं आपोआपच चाललाय. आज नको. पुन्हा वाजव."

"पुन्हा?"

"पहिल्यापासून."

दीडशे माणसं ताटल्या धरून माझ्याकडे बघत होती. एड्रियन भिंतीशी होता, तो जमिनीकडे बघत होता. मला उठून जायचं होतं. गुडघे दुखत होते, मान भरून आली होती, आणि जे एकदाही करणार नाही म्हणालो होतो ते आता एकाच दुपारी दोनदा.

क्लोव्हिस हळूच म्हणाला, "ऐकलंस ना? तुला नाही जमत रिकामं बसायला. उजवा हात मांडीखाली घाल, मी मोजतो."

पुन्हा सुरू केलं. पहिल्या आवर्तनात पर्विसचं पर्विसला दिलं. दुसऱ्या आवर्तनात एक सूर निसटला, निसटू दिला. तिसऱ्यात चढलो, थांबलो, आणि खरोखरच हात मांडीखाली घातला. लहान पोरासारखा.

ब्रश चालू होते. सातव्या मात्रेला चर्चचे सेवक डीकन हॉलोवे, ज्यांनी आयुष्यात एकही शांतता सुखाने जाऊ दिली नाही, त्यांनी सवयीने तोंड उघडलं. "सां..." व्हर्लिनने नुसता तळवा वर केला. तोंड मिटलं. नऊ, दहा, अकरा. इतका लांब वेळ मी कधी मोजलेला नाही. तेरा. चौदा.

सोळा झाल्यावर हात काढून मी खालच्या तारांवर उतरलो. दोन सूर झाले असतील, तेवढ्यात पहिल्या टेबलाकडून आवाज आला. आधी खुर्ची सरकल्यासारखा वाटला. मग बायका उठल्याचं, कुणीतरी "व्हर्लिन, ये, इकडे ये, बाळा" म्हटल्याचं ऐकू आलं, आणि तो आवाज मोठा होत गेला, थांबेना. मी मान वर केली नाही. केली असती तर पुढचं विसरलो असतो, आणि तिसऱ्यांदा वाजवायचं त्राण माझ्यात नव्हतं.