एकट्यानं खाल्लं म्हणा

माझे काका पारातेने यांना एकटं जेवताना कुणी पाहिलेलं नाही. दारात कुत्रं आलं तरी त्याला ते आधी घालायचे आणि मग स्वतः बसायचे. सरदार म्हणवून घ्यायचं तर असंच वागावं लागतं आमच्याकडे. साठवून ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

हॅलिडे साहेब गोऱ्यांच्या सरकारसाठी इथल्या मूळच्या आम्हा माओरींच्या जमिनी विकत घ्यायचा. आमच्या वस्तीवर तो पाहुणा म्हणून आला, धुरावर सुकवलेल्या वाम माशांवर आणि रताळ्यांवर आठवडाभर आडवा हात मारला आणि निघताना काकांना तळ्याकाठी बाजूला घेऊन गेला. मी तिथेच टोपली विणत बसले होते. बायामाणसांना ऐकू येत नाही असा या लोकांचा समज असावा. त्याने काकांच्या हातात नाण्यांची पिशवी ठेवली आणि म्हणाला, "हे तुझ्यासाठी, पारातेने. फक्त तुझ्यासाठी. दोस्तीखातर."

मग त्याने एक कागद काढला. डोंगरावर मेंढ्या चारायच्या आहेत, एवढंच म्हणाला. पाहुण्याने काही दिल्यावर त्याला रिकाम्या हातांनी लावून द्यायचं हे काकांना कसं जमणार? त्यांनी सही म्हणून आपल्या गालावरच्या गोंदणाची वळणं कागदावर काढून दिली. त्या कागदात डोंगर होता, तळं होतं, वामींचा ओढा होता, आणि माझा नवरा जिथे पुरलाय ती टेकडीसुद्धा होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

'फक्त तुझ्यासाठी' हे शब्द काकांच्या डोक्यात शिरलेच नाहीत. त्या पैशांतून त्यांनी पीठ, साखर, तंबाखू आणि घोंगड्या आणल्या आणि सगळ्या कुळांना जेवायला बोलावलं. सभेच्या आवारात ढीग लावले. एकेका ढिगाला काठी टेकवत, एकेका कुळाचं नाव घेत, ज्याचं त्याला दिलं. हॅलिडेलाही आवतण होतं. तो पुढेच बसला होता आणि त्याचा दुभाषी प्रत्येक नाव लिहून घेत होता. केवढा मान देतायत, असं आम्हाला वाटलं. आग लागो त्या मानाला.

पुढे मोजणीवाले साखळ्या घेऊन आले. आम्ही ओरडलो, अर्ज केले. हॅलिडे सरदारांचे हात ओले करून जमिनी लाटतो अशी बोंब गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांतही झाली, तेव्हा कुठे चौकशी लागली. फॉदरगिल नावाचा वकील आमच्या बाजूने उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. त्याने काकांना समोर बसवलं.

"एवढंच सांगा, की पैसे गुपचूप दिले आणि तुम्ही ते एकट्यानं खाल्ले. मग ती लाच ठरते, व्यवहार मोडतो आणि तळं तुमचं. पण सगळ्यांनी वाटून घेतले म्हणालात, तर सगळ्यांनीच जमीन विकली असा अर्थ होतो. दुभाष्याची यादी त्यांच्याच माणसाने लिहिलेली; तुमच्यापैकी कुणी कबूल केल्याशिवाय तिला किंमत नाही."

काका उसळले.

"मी एकटा खाणारा, असं म्हणू? चारचौघांत?"

"काका, तळ्यासाठी," मी म्हणाले. "पोरांनी काय खायचं पुढे?"

"मला नाही जमायचं, रावीनिया. तू बोल. मी गप्प बसेन."

गावातल्या लोकरीच्या गोदामात चौकशी भरली. आमची सगळी कुळं भिंतीला टेकून बसली होती. काय बोलायचं आणि काय नाही, हे सगळ्यांना पढवलेलं होतं. मी उभी राहिले. पिशवी देताना पाहिली, म्हणाले. ते खरंच होतं. मग हॅलिडेचा वकील उठला.

"त्यातलं तुम्हाला काय मिळालं, बाई?"

"काही नाही."

"पीठ? घोंगडी?"

"नाही."

"म्हणजे एवढा मोठा सरदार, आणि विधवा पुतणीच्या हातावर चिमूटभर साखर नाही ठेवली? सगळं स्वतःच गिळलं?" तो काकांकडे बघून हसला. मेल्याला आमची नस बरोब्बर ठाऊक होती. "असला अधाशी माणूस आहे का हा?"

काकांकडे न बघता मी म्हणाले, "हो."

मागे काठी आपटल्याचा आवाज आला. काका उभे होते.

"पोर चुकतेय," ते म्हणाले. "पहिली घोंगडी तिलाच दिली होती मी."

"काका, खाली बसा," मी म्हणाले. फॉदरगिलने तर त्यांची बाहीच धरली. पण ते आता कुणाला आवरणार नव्हते. येरझाऱ्या घालत, काठी नाचवत, त्यांनी एकेका कुळाचं नाव घ्यायला सुरुवात केली. यांना पीठ, यांना साखर, ओढ्यापलीकडच्यांना दोन ढीग, कारण त्यांच्यात म्हातारी माणसं जास्त. असं भाषण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. दुभाष्याला दम लागला. न्यायाधीश मान डोलावत होता. आणि आमची माणसं, ज्यांना तोंड शिवून बसायला सांगितलं होतं, ती आपलं नाव आलं की ताठ होऊन 'मिळालं' म्हणत होती. नाही कसं म्हणणार? सरदाराला चारचौघांत खोटं पाडायचं?

फॉदरगिलने कागद गोळा केले.

न्यायाधीशाने निकाल दिला: लाच नाही, रीतसर विक्री. वर हेही म्हणाला, की इतका प्रामाणिक साक्षीदार त्याने क्वचितच पाहिला. दुभाष्याने ते सांगितल्यावर काकांनी मान झुकवून स्वीकारलं. मला तर त्या न्यायाधीशाचं थोबाड फोडावंसं वाटलं, आणि त्याच्यानंतर काकांचंसुद्धा.

परतताना ओढ्यावर नवं कुंपण पडत होतं. वाम पकडायचे आमचे सापळे उपटून काठावर फेकलेले होते. काका कुंपणाशी थांबले. खांबावर हात ठेवून पलीकडच्या पाण्याकडे त्यांनी पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळले. चेहरा अजून सभेतल्यासारखाच फुललेला होता.

"कुणाचं नाव राहिलं तर नाही ना, रावीनिया?"

"नाही, काका," मी म्हणाले. "एकही राहिलं नाही."