सुताने जुळवलेली चाकं

१९९६ साल. गणपती नुकतेच गेले होते. कोसाडला आमच्या खोलीसमोर पांढऱ्या मारुती आठशेची मागची सीट अंगणात काढून ठेवली होती आणि तिच्यावर ऐसपैस बसून आमची धनश्री गृहपाठ करत होती. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. ते आमच्या घरच्यांचे.

"धनश्रीनी माय, सुतना कोन आन," गाडीखालून आवाज आला.

"कोनता? जाडा का बारीक?" मी विचारलं.

"बारीक. जाडं सूत खोटं बोलस."

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण लिहिताना एकदा तरी घ्यावंच लागतं. त्यांचं नाव दगा. पर्वत पाटियाजवळच्या एका लूमखात्यात, यंत्रमागाच्या कारखान्यात, ते मास्टर होते, म्हणजे अडलेला लूम चालू करून देणारा माणूस. वीस वर्षं तेच काम. रविवारी दारासमोर शेजाऱ्यांच्या स्कूटर, लूना दुरुस्त करायचे. धनश्रीच्या मराठी शाळेतल्या सुनंदाबाईंची लूना त्यांच्याच हाताखाली चालत होती, आणि या गाडीचं खूळ आमच्या दारी आलं तेही बाईंच्याच घरून.

गाडी बाईंच्या यजमानांची, मुकुंदसाहेबांची. साहेब बँकेत होते. दहा वर्षं वापरलेली ती गाडी त्यांच्या मुलाला, चेतनला, पळवायला न्यायची होती. वलसाडच्या पुढे एक बंद पडलेली धावपट्टी होती. तिथे गाड्यांचे शौकीन वर्षातून दोन-तीनदा जमायचे. पिंपं आणि जुने टायर मांडून वळणं केलेली असायची. एका वेळी एकच गाडी सोडायची आणि कुणीतरी घड्याळ लावून वेळ मोजायचं. शर्यत अशी नाहीच. आपली गाडी आपण किती नीट चालवतो ते बघायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीतून घरी यायचं.

शहरातल्या दोन गॅरेजवाल्यांनी चेतनला हसून परत पाठवलं होतं. हे हसले नाहीत. बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसते बघत राहिले.

मुकुंदसाहेब एका रविवारी स्वतः आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"दगा, मला गाडीतलं काही कळत नाही. तू ठीक म्हणालास तर चेतन बसेल, नाही म्हणालास तर नाही. त्याच्या आईलाही मी हेच सांगितलंय."

"साहेब, पळायचं काय, उतारावर सोडली तरी पळेल," हे म्हणाले. "म्हटल्या जागी उभी राहिली पाहिजे. मी ब्रेकपासून सुरुवात करतो."

आमचंही त्यात काही अडकलेलं होतं. लूमच्या आवाजाने यांचे कान जायला लागले होते. अमरोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वर्षभरात खातं सोडा, नाहीतर मुलीचा आवाजसुद्धा ऐकू येणार नाही. चेतनच्या ओळखीचे एक श्रीरंगभाऊ होते. त्यांचं गाड्यांचं मोठं वर्कशॉप होतं आणि त्यांना एक जाणता मिस्त्री हवा होता. "गाडी धावपट्टीवर बघतो, मग बोलू," असं त्यांनी कळवलं होतं. म्हणजे चेतनची पहिली फेरी हीच यांची परीक्षा.

महिनाभर यांनी गाडी लूमसारखी उघडली. मागची सीट, स्टेपनी, पायपुसणी, वरचं कॅरियर, सगळं काढलं आणि खात्यातल्या सुताच्या काट्यावर नेऊन तोललं. पुढची चाकं जुळवायला बाजारातलं यंत्र नाही वापरलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना बारीक सूत ताणून बांधलं आणि पोलादी पट्टीने चाकाच्या पुढून-मागून अंतर मोजलं. चेतन बघत बसायचा.

"काका, हे सूत तुटलं तर?"

"तुटलं तर कोणाचा तरी पाय लागला समजायचं. परत बांधायचं."

"आणि इंजिनाचं काय? थोडी पावर वाढवू ना."

"तुझ्या वडिलांनी पावर मागितली नाही, तुला परत मागितलंय."

लूमखात्याची एक पद्धत होती. एखादा भाग पूर्ण झाला की त्यावर खडूची खूण करायची. खूण झाली की त्या भागाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. शंभर कामांत तेच तेच उघडत बसलं तर लूम कधी चालूच होणार नाही. गाडीवरही एकेक खूण पडत गेली. ब्रेकचे गुटके नवे, आतलं पाणी, म्हणजे ब्रेकचं तेल, तेही नवं. हे पाणी ज्या डबीत असतं तिच्यावर शेवटची खूण पडली, तो खंडेनवमीच्या आधीचा शनिवार होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. पाने, हातोड्या, पक्कड, सगळं धुऊन-पुसून गोणपाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसरा उजाडेपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. यंत्र असेल तर त्याची प्रत्येक तेलकुपी भरायची. पूजेच्या दिवशी तहानलेलं यंत्र ठेवायचं नाही. लग्नानंतर दोन वर्षं मीही खात्यात बॉबिन भरायला जायचे, त्यामुळे हे काम माझ्या हाताला माहीत होतं. तेव्हा पूजेला खात्यातल्या यंत्रांना मीच तेल घालायचे.

त्या दिवशी हे खात्यातल्या पूजेला गेले होते. मी गाडी पुसली, झेंडूची माळ घातली, बॉनेट उघडलं. आत एक छोटी पांढुरकी डबी दिसली. तिच्यावर रेघ होती आणि आतलं पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. कापडाला डाग पडू नये म्हणून लूमचं तेल पाण्यासारखं स्वच्छ असतं. घरात त्याचा डबा होताच. मी झाकण उघडलं, रेघेपर्यंत भरलं, झाकण लावलं, वर कुंकवाचं बोट टेकवलं. खडूची खूण तशीच होती.

दसऱ्याला चेतन गाडी घेऊन गेला. पुढच्या रविवारी आम्ही सगळे निघालो. गाडीला मागची सीट नव्हती, म्हणून मी, सुनंदाबाई आणि मुकुंदसाहेब श्रीरंगभाऊंच्या जीपमध्ये. हे चेतनबरोबर. निघताना चेतन मला म्हणाला, "काकू, ब्रेक एकदम कडक झालाय. काकांनी कमाल केली." मी खूश. बाईंना म्हटलं, "बघा, उगाच काळजी करत होता."

धावपट्टीवर एका टोपीवाल्या माणसाने गाडी तपासली, पट्टा ओढून बघितला, पेडल दाबलं, मान डोलावली आणि दारावर सात आकडा चिकटवला. चेतनने हेल्मेट घातलं. पुढे दोनच गाड्या होत्या.

हे मात्र चाकापाशी वाकले. लूमच्या बेअरिंगला हात लावतात तसा तळवा चाकाला लावला आणि झटकन मागे घेतला. दुसऱ्या चाकाला लावला. चारही बघून आले. मग बॉनेट उघडलं, खूण केलेल्या डबीचं झाकण काढलं. झाकणातलं रबर दुधात भिजलेल्या पावासारखं फुगलं होतं. यांनी आत बोट बुडवलं, नाकाशी नेलं. वीस वर्षं नाकात बसलेला वास त्यांनी ओळखला नाही असं कसं होईल. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"चेतन, उतर."

"का? आपला नंबर आलाय."

"ब्रेक धरून बसलेत. चाकं तापलीत."

"हायवेवरून आलोय काका, तापणारच. एकच फेरी मारतो. पेडल बघा किती कडक आहे."

"म्हणूनच नाही."

त्यांनी हात आत घालून किल्ली काढली आणि मुकुंदसाहेबांच्या हातात दिली. "साहेब, गाडी ठीक नाही. ब्रेकमध्ये लूमचं तेल गेलंय, आतली रबरं फुगली. कुठे धरेल, कुठे सोडेल, भरवसा नाही. आज नाही."

श्रीरंगभाऊ जवळच होते. "लूमचं तेल? अहो मिस्त्री, ब्रेकमध्ये लूमचं तेल कोण घालतं?"

"माझ्याकडून झालं."

मी पुढे झाले. "त्यांनी नाही. मी घातलं. पूजेच्या दिवशी."

टोपीवाला हसला. श्रीरंगभाऊही हसले. "म्हणजे मिस्त्रीण वेगळी आहे होय तुमच्याकडे."

यांनी खिशातल्या फडक्याला बोट पुसलं. "भाऊ, तेल कोणी घातलं ते सोडा. गाडी सोडण्याआधी शेवटचा हात माझा फिरला पाहिजे होता. खूण बघितली, झाकण उघडलं नाही. गाडी माझी होती."

चेतनने हेल्मेट काढलं, तेव्हा त्याचे डोळे लाल होते. सुनंदाबाई मात्र माझ्याजवळ सरकल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. पुढची गाडी सुटली तरी त्यांनी तो सोडला नाही.

मारुती ट्रकवर चढवून आणली. घरी आल्यावर मी म्हटलं, "मले इचाराले पाहिजे व्हतं."

"तू इचारं नही, मी सांगं नही," हे म्हणाले. "आते वाढ. भूक लागनी."

दिवाळीच्या सुटीत त्यांनी ब्रेकमधलं प्रत्येक रबर, प्रत्येक नळी बदलली. खडू या वेळी बाजूला ठेवला. जानेवारीत सात नंबरची गाडी धावपट्टीवर गेली. चेतनने सहा फेऱ्या मारल्या आणि शेवटच्या पिंपापासून वीतभर अंतरावर गाडी उभी केली. एकोणीस गाड्यांत त्याचा अकरावा नंबर आला. साहेबांनी पेढे वाटले. यांनी एवढंच विचारलं, "शेवटच्या फेरीलाही पेडल तेवढंच होतं?" चेतन म्हणाला, "तेवढंच."

श्रीरंगभाऊंनी तोवर दुसरा मिस्त्री घेतला होता. त्यांचं वर्कशॉप पुढे मुलांनी विकलं, आता तिथे कपड्यांची दुकानं आहेत. यांना खातं सोडायला आणखी तीन वर्षं लागली, आणि तोवर डावा कान गेला तो गेलाच. पण चेतनच्या मागून त्याचे मित्र गाड्या घेऊन यायला लागले. धावपट्टीवर जाण्याआधी गाडी कोसाडच्या दगाकाकांना दाखवून आणायची, असं त्या पोरांत ठरूनच गेलं. नव्व्याण्णवमध्ये आम्ही गॅरेजसाठी चलथाणच्या रस्त्याला पत्र्याची शेड घेतली. मुकुंदसाहेब निवृत्त झाल्यावर चारच वर्षांनी गेले. सुनंदाबाई लेकीकडे बडोद्याला आहेत, दिवाळीला त्यांचं पत्र येतं. चेतन पुण्यात टायर तपासायच्या नोकरीत आहे, पोट सुटलंय त्याचं. धनश्री नंदुरबारला नर्स आहे. मारुती साहेबांनी एका दूधवाल्याला दिली होती, पुढे कुठे गेली ते कळलं नाही.

हे जाऊन आता अकरा वर्षं झाली. आमची भांडणं पुष्कळ व्हायची. भांडणात माझ्या भावाच्या लग्नातला मानपान निघायचा, माझ्या सासूचं आजारपण निघायचं, मी हरवलेली छत्रीसुद्धा निघायची. धावपट्टीवरचा तो रविवार मात्र त्यांनी एकदाही काढला नाही.