बस्त्यावची शिक्षा

"भाईर ये की रं अण्णा! फोटोवाला खोळंबलाय."

पंचायतीचा मेंबर परशुराम शाल घेऊन पाण्याच्या टाकीखाली उभा होता आणि वॉटरमन बस्त्याव सिद्दी व्हॉल्वच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेला.

"पाणी सोडलंय. आता वर आलो तर खालच्या आळीला थेंब जायचा न्हाई."

"घटकाभर पाणी न्हाई आलं म्हणून आळी काय मरत न्हाई!"

"मरायचं मला नको सांगूस, परशू."

शेवटी शाल खड्ड्यातच त्याच्या खांद्यावर पडली. फोटोत डोकं आणि पाना एवढंच आलं. कारगिलचा विजय दिवस आमच्या रामनगरात दर जुलैला असाच व्हायचा. नारळ तयार, भाषण तयार, वीर तेवढा बेपत्ता. मग माझं किराणा दुकान बंद करवून त्याला शोधायला मला पाठवायचे, कारण बस्त्याव बोललाच तर माझ्या फळीवर बसून बोलतो हे गावाला ठाऊक होतं.

गल्ल्यावर बसलं की एक सवय लागते. गिऱ्हाईक काय मागतं हे सगळेच ऐकतात. काय मागत नाही तिकडे दुकानदाराचं लक्ष असतं. पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून या माणसाने कौतुक कधी मागितलं नाही. ते मी समजू शकत होतो. पण तो देवाकडेही काही मागत नव्हता, आणि ते रोजिनला खात होतं.

रोजिन त्याची बायको. दर रविवारी दोघं वाडीतल्या कपेलात, त्यांच्या छोट्या चर्चमध्ये, जात. मीस, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली की ती पुढच्या बाकावर, आणि तो दाराबाहेर, चपला काढायच्या पायरीवर. शेवटी फादर ओस्ती देतात, भाकरीची पातळ पांढरी चकती. आपल्यात प्रसाद म्हणतील. त्यांच्यात त्याहून बरंच मोठं आहे. सगळी रांगेने पुढे जात. बस्त्याव पायरीवरून हलत नसे. गावाने आपापल्या परीने कारणं लावली होती. कुणी म्हणे पितो, कुणी म्हणे पलटणीत धर्म बाटला, आणि माझी घरवाली कमल म्हणे, बायकोशी अबोला असेल.

एकदा साखर घ्यायला आलेली रोजिन फळी धरून उभी राहिली. "सावकार, तुमचं ऐकतोय त्यो. एकदाच माझ्या बाजूला गुडघे टेकून ओस्ती घे म्हणावं. मग मी मेले तरी हरकत न्हाई."

"तुझं ऐकत नाही तो माझं काय ऐकतो, अक्का?"

"बायकूचं ऐकलं असतं तर पलटणीत गेला असता व्हय?"

मी विचारलं. बस्त्यावने बिडी विझवली, पुन्हा पेटवली.

"वर चढलो तवा उजाडत व्हतं, सावकार. दगडाआड त्यो बसला व्हता. बंदूक बाजूला. रोटी खात व्हता. माझ्याकडं बघितलं त्यानं. घास तोंडातच व्हता." तो रस्त्याकडे बघत राहिला. "घरी रोजिनच्या हातची भाकरी गिळतो मी. पोट हाय. पण ती ओस्ती तोंडात घ्यायची म्हटली की त्याचं तोंड दिसतंय."

मी माझ्याकडचं स्वस्तातलं उत्तर दिलं. "अरे, हुकूम होता. तू नसतं मारलंस तर त्याने मारलं असतं."

"बघा, तुमीबी तेच. सायबानं पाठ थोपटली, पदक दिलं. म्हाताऱ्या फादरकडं कुमसाराला गेलो, पाप सांगाय. त्ये म्हणाले, देशाचं रक्षण केलंस, ह्यात पाप न्हाईच, मग माफी कशाची देऊ? समद्यांनी मला सोडलं, सावकार. माफ कुणीच केलं न्हाई."



मग म्हातारे फादर बदलून गेले आणि फादर एल्विन आले. कोवळी दाढी, मोडकी मोटारसायकल. महिन्याभरात बस्त्याव फळीवर येऊन बसला तो चक्क हसत.

"शिक्षा लागली, सावकार!"

"कसली?"

"नव्या फादरनं पोथ्या वाचल्यात. लई जुन्या काळात लढाईवरनं आलेल्या शिपायाला म्हणं देवळात सांगायचे, तू खुनी न्हाईस, पण हातबी स्वच्छ न्हाईत तुझं. तीन वर्सं ओस्तीपासनं लांब ऱ्हा, मग ये. म्हटलं, फादर, मला त्येच द्या. तयारच व्हईनात. म्हणाले, बस्त्यावमाम, तुम्ही वीस-बावीस वर्षं लांबच आहात, ती धरा की."

"बरोबर आहे. वर बाकी तुझीच निघते."

"ती कशी धरायची? त्ये मी आपल्या मनानं उभा व्हतो. कुणी दिल्याबिगर शिक्षा व्हत न्हाई, सावकार. ह्या पास्खापासनं तिसऱ्या पास्खाला मी आत."

शिक्षा झालेला इतका खूश माणूस मी पाहिलेला नाही. पायरीवर तोच उभा, पण आता छाती काढून, पहाऱ्यावर असल्यासारखा. व्हॉल्व फिरवताना शीळ घालू लागला. पाणी उशिरा आलं म्हणून बायका शिव्या देत, तर उलट म्हणे, "द्या, अजून द्या." पास्खा म्हणजे येशू उठला तो सण. रोजिनने त्या सणासाठी साडी दोन वर्षं आधीच ठरवली, आणि रंगावरून कमलशी भांडलीदेखील.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरला आणि त्याचं पोट फुगायला लागलं. बेळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि घरी न्या म्हणून सांगितलं.

नाताळानंतर एका दुपारी फादर एल्विन डबीत ओस्ती घेऊन आले. मी उशाशी होतो. बस्त्यावच्या अंगावर नुसती हाडं आणि डोळे उरले होते.

"बस्त्यावमाम, शिक्षा मी दिली. उरलेली मीच माफ करतो. तो अधिकार आहे मला."

"पंचायतीची पाणीपट्टी हाय व्हय फादर, ऱ्हायलेली माफ कराय?" तो हसला, मग धाप लागली. "पास्खाला थोडंच ऱ्हायलंय."

रोजिन चुलीपासून उठून आली. "तुझं त्ये तुझं रं. माझं काय? इतकी वर्सं एकटी जाऊन गुडघे टेकले मी. आज घरात देव आलाय, तर हिशोब घालतोस?"

त्याने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"रोजिन, त्याला कुणी घास पुरा करू दिला न्हाई. मला ही शिक्षा पुरी करू दे."

फादरनी डबी मिटली. बाहेर येऊन मोटारसायकलला किक मारली, ती लागली नाही. मग ते तसेच गाडी ढकलत गेले. मागून मला त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

बस्त्याव त्याच आठवड्यात गेला. जोयड्याहून माजी सैनिक आले. तिरंगा आला. परशुराम भाषण करता करता रडला, हे मात्र मी धरून चाललो नव्हतो.

पुढच्या रविवारी मेणबत्त्यांचं खोकं पोचवायला मी कपेलाकडे गेलो. मीस निम्म्यावर आली होती. पुढच्या बाकावर रोजिनची जागा रिकामी होती. ती बाहेर पायरीवर उभी होती, डोक्यावर पदर घेऊन.

आत रांग पुढे सरकली, संपली. फादर एल्विन ओस्तीचं भांडं हातात धरून दाराकडे बघत थांबले. तिने नुसते हात जोडले, आणि जागची हलली नाही.

"अक्का," मी हळूच म्हणालो, "आत जा. तुला कुणी शिक्षा दिलेली नाही."

"पास्खा यायचाय अजून, सावकार."

एवढंच बोलून ती पुन्हा समोर बघू लागली. पायरी चांगली रुंद आहे, मधोमध ऐसपैस उभं राहता आलं असतं. पण ती एका कडेला सरकून, भिंतीला खांदा लावून उभी होती. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी ठेवून.