सुताराचा माफीनामा

नेता सत्तेवरून हटला, सरहद्द ओलांडून इकडे आला, आणि त्याच्यामागे चारशे घरं निघाली. त्यांत एक सुतार. कोणी बोलावलं नव्हतं हो त्याला! पण निष्ठा म्हणजे निष्ठा. हत्यारांची पेटी खांद्यावर टाकली, बायकोला 'चल' म्हणाला आणि निघाला. त्याला अठरा वर्षं झाली. नेता केव्हाच मेला. निम्मी घरं माफी मागून परत गेली. हा मात्र अडून बसलेला. "थुंकलेलं चाटू का आता?" म्हणायचा.

मग पत्र आलं. आक्का अंथरुणाला खिळलीय, तोंड बघायचं तर लवकर ये. आई लहानपणीच गेली, याला वाढवलं ते या थोरल्या बहिणीनं. तीन दिवस सुतार एकाच फळीवर रंधा मारत राहिला, चांगली जाड फळी पार वाया घालवली. चौथ्या दिवशी बायकोला म्हणाला, "चल. करतो सही."

बायको बाहेर बाकावर बसली. वकिलातीतल्या कारकुनानं माफीनामा पुढे सरकवला. 'देशाशी केलेल्या द्रोहाबद्दल' वगैरे वगैरे. सुतारानं दात-ओठ खात सही केली. कारकुनानं जाडजूड यादी काढली, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"काका, तुमचं नाव नाही यात."

"नीट बघा. नेत्याची खुर्ची मी केलेली."

"नाहीच. तुमच्यावर कधी बंदीच नव्हती. केव्हाही जाता आलं असतं."

अठरा वर्षं ज्यांच्याशी वैर धरलं, त्यांच्या हा खिजगणतीतही नव्हता. आणि बायकोची आई? आठ वर्षांपूर्वी म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा बायको निघाली होती. यानंच दार अडवलं. म्हणे, सरहद्दीवर पकडतील, तुरुंगात सडशील.

"हा कागद ठेवून घ्या की," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "सही केलीय मी."

"ठेवू कुठे काका? तुमची फाइलच नाही."

बाहेर येताच बायको उठली. "मिळाली परवानगी?"

"मिळाली. माफी मागावी लागली."

"मागितलीत ना? त्यात कसला कमीपणा." चार पावलं ती चालली. मग म्हणाली, "आईच्या वेळी मागितली असती, तर मलाही जाता आलं असतं हो."

"चुकलं माझं," सुतार म्हणाला. पण काय चुकलं, ते सांगायला त्याची जीभ काही रेटेना.